बस घ्यायला पैसे आहेत, मग चालवायला का नाहीत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला दिसेल. तुमच्या शहरात महापालिकेची परिवहन सेवा आहे. गेल्या वर्षी विजेवरच्या नव्या बस आल्या, हार घालून, नारळ फोडून त्यांचं लोकार्पण झालं. यंदा तुमच्या वसाहतीतून एमआयडीसीला जाणारी सकाळची 6.10 ची फेरी बंद पडली. चौकशी केली तर ‘मार्ग तोट्यात आहे, पैसा नाही’ एवढंच उत्तर मिळालं. तुमच्या आई त्याच गाडीनं कँटीनच्या कामाला जायच्या, आता रिक्षाला रोजचे पैसे मोजतात. तेव्हा तुम्ही विचारताय, पैसा नाही तर नव्या बस कुठून आल्या? आणि ही फेरी बंद करायचं ठरवलं कोणी?

मी एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात 31 वर्षं काढली. आधी लेखा विभागात, नंतर वाहतूक विभागात. म्हणजे पैसे नाहीत असं सांगणाऱ्यांतही मी होतो आणि पैसे नाहीत म्हणून फेऱ्या काटणाऱ्यांतही. तुमच्या शहराचं नाव तुम्ही दिलेलं नाही. सेवा महापालिका स्वतः चालवते, तिची कंपनी केली आहे की ठेकेदाराकडे दिली आहे, यावर बरंच काही अवलंबून आहे. त्या त्या ठिकाणी मी तसं सांगेन.

सुरुवात पहिल्या प्रश्नापासून. बस घेण्याचा पैसा आणि बस चालवण्याचा पैसा यांचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नसतो. मामानं म्हैस घेऊन दिली म्हणून रोजची पेंड मामा घालत नाही. आपल्याकडच्या शहर बससेवेची अडचण बहुतेक वेळा पेंडीची असते, आणि फोटो म्हशीबरोबर निघतात.

याचं मूळ कायद्यात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मध्ये महापालिकेची कामं दोन प्रकारची आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. रस्ते, पाणी, गटारं, दिवाबत्ती ही बंधनकारक. सार्वजनिक वाहतूक चालवणं हे कलम 66 मधलं ऐच्छिक काम. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली, तिच्यात शहरी संस्थांकडे सोपवण्याजोग्या 18 विषयांची यादी आहे. त्यात सार्वजनिक सोयींच्या ओळीत दिवाबत्ती, वाहनतळ, स्वच्छतागृहं यांच्याबरोबर ‘बसथांबे’ आहेत. थांबा आहे, बस नाही! नोकरीत असताना मी ही ओळ बऱ्याच लोकांना दाखवली. प्रत्येकाला आधी गंमत वाटायची. पण परिणाम गंभीर आहे. अंदाजपत्रक ओढाताणीचं झालं की ऐच्छिक कामाच्या लेखाशीर्षावर पहिली कात्री चालते. पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकवलं तर दोन दिवसांत मोर्चा येतो. बसचं अनुदान दोन महिने लांबवलं तर कोणालाच लगेच कळत नाही, फक्त रस्त्यावरच्या गाड्या हळूहळू कमी होत जातात.

आता म्हैस देणारे मामा. 2009 मध्ये, जागतिक मंदीच्या वेळी, केंद्रानं जेएनएनयूआरएम या शहरविकासाच्या योजनेतून शहरांना बस घ्यायला पैसे दिले. मोठ्या महानगरांना किमतीच्या 35 टक्के, 10 लाखांवरच्या शहरांना 50 टक्के, लहान शहरांना 80 टक्के. त्यातून आमच्याकडेही गाड्या आल्या. पहिली तीन वर्षं झकास गेली. मग गिअरबॉक्स, मग दारांची यंत्रणा, मग एअर सस्पेन्शन. सुटे भाग महाग, आणि त्यासाठी योजनेत छदामही नव्हता. एका पावसाळ्यात आमच्या आगारात 22 गाड्या ठोकळ्यांवर उभ्या होत्या, कारण पुरवठादारांची बिलं थकली होती. त्या गाड्यांचे भाग काढून दुसऱ्या चालवायच्या, असं चाललं होतं. कागदावर ताफा भरलेला, रस्त्यावर निम्मा.

2019 पासून फेम योजनेचा दुसरा टप्पा आला, तो विजेवरच्या गाड्यांसाठी. आणि 16 ऑगस्ट 2023 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम ई-बस सेवा मंजूर केली. तुमच्या गाड्या यातल्या असण्याची शक्यता मोठी आहे, कारण 2011 च्या जनगणनेनुसार 3 लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं या योजनेत बसतात. एकूण 10,000 बस, केंद्राचा वाटा 20,000 कोटी. आधीच्या योजनांपेक्षा हिच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. केंद्र गाडीच्या किमतीचे पैसे देत नाही, चाललेल्या किलोमीटरमागे देतं. 12 मीटरच्या बसला 24 रुपये, 9 मीटरच्या बसला 22 रुपये, त्याहून लहान बसला 20 रुपये, आणि तेही 10 वर्षं. गाडी ठेकेदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची. महापालिका त्याला किलोमीटरच्या दरानं पैसे देते आणि तिकिटाचं उत्पन्न स्वतःकडे ठेवते. याला आमच्यात जीसीसी (ग्रॉस कॉस्ट कॉन्ट्रॅक्ट) म्हणतात, जुने लोक अजून वेट लीज म्हणतात.

म्हणजे मामानं या वेळी थोडी पेंडही दिली. पण किती, ते गणितानं बघा. पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, तुमच्या करारातले वेगळे असतील. समजा 9 मीटरच्या 50 गाड्या आहेत आणि प्रत्येक रोज 200 किलोमीटर चालते. ठेकेदाराचा दर 65 रुपये किलोमीटर. वाहक बहुधा महापालिकेचा किंवा दुसऱ्या एजन्सीचा असतो, त्याचे किलोमीटरमागे 12 रुपये धरा. एकूण 77. तिकिटातून 35 मिळतात. तूट 42 रुपये. केंद्राचे 22 वजा केले की उरले 20. एका गाडीमागे रोज 4,000, पन्नास गाड्यांचे 2 लाख, वर्षाचे 7 कोटी 30 लाख. हे पैसे महापालिकेनं दर महिन्याला, न चुकता द्यायचे आहेत. शिवाय दहा वर्षांनी केंद्राचे 22 रुपये थांबतील तेव्हा काय, हा प्रश्न आज कोणी विचारत नाही, कारण तेव्हा खुर्चीत दुसरं कोणीतरी असेल. ठराव मांडताना ‘केंद्राच्या मदतीनं मोफत बस’ असं सांगितलं जातं. वाहकाचे 12 रुपये तर अनेकदा टिपणीतच नसतात. मी असे दोन प्रस्ताव परत पाठवले होते. दोन्ही वेळा सांगण्यात आलं, ‘आधी मंजूर तर होऊ द्या.’

ठेकेदारांना महापालिकांच्या या सवयी पुरत्या ठाऊक आहेत. बिल चार-चार महिने अडकतं म्हणून ते दरातच त्याचं व्याज धरतात. म्हणूनच सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं 3,435 कोटींची हमी योजना आणली. शहरानं पैसे दिले नाहीत तर ठेकेदाराला त्या निधीतून मिळतील, आणि मग ते राज्याच्या खात्यातून वळते करून घेता येतील. पुणे, मुंबईसारख्या 40 लाखांवरच्या शहरांना गाड्यांसाठी पीएम ई-ड्राइव्ह ही वेगळी योजना आहे, तुमचं शहर तेवढं मोठं नसेल तर तिचा तुमच्याशी संबंध नाही.

आता रोजच्या पैशाकडे. तिकीट, पास, जाहिराती, थोडंफार जागांचं भाडं, आणि उरलेली तूट महापालिकेच्या अनुदानातून, एवढीच शहर बसच्या उत्पन्नाची यादी. यातलं तिकीटही आपल्या हातात नसतं. दर वाढवायचा तर संचालक मंडळ किंवा परिवहन समितीचा ठराव, मग प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी, आणि या दोन्हींच्या आधी राजकीय होकार. पुण्याच्या पीएमपीएमएल या बससेवेनं 1 जून 2025 ला भाडं वाढवलं ते जवळजवळ दहा वर्षांनंतर. मुंबईच्या बेस्टनं जुलै 2019 मध्ये किमान भाडं 5 रुपयांवर आणलं होतं, ते मे 2025 मध्ये 10 केलं. मधल्या काळात इंधन, पगार, टायर कोणी थांबून राहिलं नाही. दरवर्षी थोडं थोडं वाढवलं असतं तर बोंब झाली नसती. दहा वर्षं दाबून ठेवून एकदम दुप्पट केलं की प्रवासी दुचाकीचा हप्ता भरायला लागतो आणि परत येत नाही. हे माझं ठाम मत आहे, अनेक सहकाऱ्यांना पटत नाही.

तूट भरून काढायची पद्धत ठिकठिकाणी वेगळी. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून 2007 मध्ये पीएमपीएमएल ही कंपनी झाली. तिच्यात पुणे महापालिकेचा हिस्सा 60 टक्के, पिंपरी-चिंचवडचा 40, आणि संचलन तूटही त्याच प्रमाणात वाटून घेतात. भांडणं होतात, पण सूत्र लिहिलेलं आहे, हे महत्त्वाचं. मुंबईत बेस्टची गोष्ट निराळी. तिच्याकडे बसबरोबर वीजवाटपही आहे. वर्षानुवर्षं बसची तूट विजेच्या ग्राहकांकडून भरून निघत होती. शहर बेटावरच्या दिव्यांनी सगळ्या मुंबईच्या बस ओढल्या म्हणा ना. ती सोय बंद झाल्यावर बेस्टला महापालिकेकडे हात पसरावा लागला आणि स्वतःच्या गाड्या घटत जाऊन भाडेतत्त्वावरच्या वाढल्या. 2022 नंतर त्यातल्या काही ठेकेदारांनी मुदतीआधीच काम सोडलं, तेव्हा काही मार्गांवर गाड्याच उरल्या नाहीत.

एसटीचं तिसरंच. तिथं सवलतीचे पैसे राज्य सरकार भरून देतं. मार्च 2023 पासून तुमच्या आईंना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण शहर बसमध्ये पूर्ण पडतं, असं तुम्ही लिहिलंय. कारण हेच. ती सवलत एसटी महामंडळासाठी आहे. महापालिकांच्या सेवांना राज्याकडून तिची भरपाई नाही. एखाद्या उपक्रमानं स्वतःहून दिली, तर त्याचा बोजा त्याच्याच तुटीत जातो. त्यामुळे नगरसेवकांनी टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर केलेल्या प्रत्येक सवलतीपुढे मी पेन्सिलनं ‘कोण भरणार?’ असं लिहायचो.

आता ‘अनुदान’ म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं अंदाजपत्रकात 30 कोटी लिहिले की 30 कोटी मिळाले. तसं नाही. तरतूद वेगळी आणि खात्यात वर्ग होणं वेगळं. आमच्याकडे एका वर्षी बारा हप्त्यांची तरतूद होती, त्यातले नऊच मिळाले. सात तारखेला पगार, पंधरा दिवसांनी सीएनजीचं बिल. पगार थांबवला तर संप, गॅसचं बिल थांबवलं तर पंपावर गाडीला नकार. मग काय थांबायचं? टायर, सुटे भाग, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा. महिनाअखेरीला मी महापालिकेच्या मुख्य लेखापालांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसायचो. शिपायाला माझा चहा बिनसाखरेचा हे पाठ झालं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत सुधारित अंदाजपत्रक करताना परिवहनच्या आकड्यातून दोन-तीन कोटी काढून कुठल्यातरी रस्त्याच्या काँक्रिटीकरणाला वर्ग करायचे, हे तर ठरलेलं. म्हणून अंदाजपत्रकाची पुस्तिका बघाल तेव्हा मूळ तरतूद बघू नका. मागच्या वर्षाचा ‘प्रत्यक्ष खर्च’ हा रकाना बघा. दोहोंतला फरक म्हणजे तुमच्या बंद फेऱ्या.

तर, इथवरचं थोडक्यात असं की गाड्या योजनेतून आल्या, त्यांना रोज चालवायला महापालिकेचा पैसा लागतो, आणि तो देण्याची सक्ती तिच्यावर कोणाचीच नाही. म्हणून ‘पैसा नाही’ हे खरंही असू शकतं आणि नव्या बस आल्या हेही खरं.

पण तुमची 6.10 ची फेरी ‘तोट्यात’ म्हणून बंद झाली, या कारणावर माझा फारसा विश्वास नाही. आता जरा सावकाश वाचा, कारण आमच्या खात्यातही हे गणित चुकीचं मांडणारे बरेच भेटतात.

प्रत्येक उपक्रम दर महिन्याला प्रति किलोमीटर उत्पन्न आणि प्रति किलोमीटर खर्च काढतो. ईपीके आणि सीपीके. समजा गाडी महापालिकेच्या मालकीची, सीएनजीवरची आहे. सरासरी खर्च 95 रुपये किलोमीटर. तुमच्या फेरीचं उत्पन्न 38 रुपये. येऊन-जाऊन 28 किलोमीटर. तक्त्यात तोटा दिसतो (95 वजा 38) गुणिले 28, म्हणजे 1,596 रुपये. साहेब लाल शाईनं गोल करतात, फेरी बंद.

पण त्या 95 मध्ये काय काय आहे? चालक-वाहक, कार्यशाळा, कार्यालय यांचे पगार 55 च्या आसपास. ती माणसं कायम आहेत, फेरी बंद केली म्हणून त्यांचा पगार कापला जात नाही. खरोखर वाचतो तो गॅस, समजा 30 रुपये, आणि टायर-ऑइलची झीज 3 रुपये. 33 गुणिले 28 म्हणजे 924. आणि बुडालं किती? 38 गुणिले 28, 1,064. म्हणजे तोटा वाचवायला फेरी बंद केली आणि रोज 140 रुपयांनी आणखी खड्ड्यात गेलो. मी वाहतूक विभागात आलो तेव्हा आधीच्या दोन वर्षांत अशा 19 फेऱ्या बंद झाल्या होत्या आणि एकूण तूट मात्र वाढली होती. सगळे म्हणायचे, प्रवासी कमी झाले. कमी होणारच, आपणच गाडी काढून घेतली.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ती गाडी आणि ते चालक-वाहक रिकामे न ठेवता दुसऱ्या मार्गावर घातले, जिथं किलोमीटरला 55 रुपये मिळतात, तर 28 किलोमीटरचे 1,540 होतात, 476 रुपयांचा फायदा. गाड्या कमी असतील तर हा निर्णय चूक म्हणता येत नाही. त्यामुळे फेरी तोट्यात आहे का, हे विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते हे : ती गाडी गेली कुठे? दुसऱ्या मार्गावर गेली असेल तर हिशोब आहे. आगारात उभी असेल तर तोटा हे कारण नव्हे, सबब आहे.

गाडी ठेकेदाराची असेल तर हिशोब पुन्हा बदलतो. करारात रोजचे हमी किलोमीटर ठरलेले असतात. महापालिकेमुळे गाडी त्यापेक्षा कमी चालली, तर न चाललेल्या किलोमीटरचेही काही पैसे ठेकेदाराला द्यावे लागतात. दराच्या किती टक्के, ते करारावर आहे. म्हणजे हमीच्या आत फेरी कापून वाचत काहीच नाही, उलट उभ्या गाडीचं भाडं भरतो आपण. गाडी ठेकेदारामुळे आली नसेल तर त्याला दंड बसायला हवा. यासाठी रोजच्या नोंदीत फेरी रद्द होण्याचं कारण लिहिलेलं असतं : चालक गैरहजर, वाहक नाही, ब्रेकडाउन, चार्जिंग. हा रकाना मी सगळ्यात आधी वाचायचो.

तुमच्या बाबतीत माझा संशय चार्जिंगवर आहे. जुनं आगार गावाच्या मध्यात असतं. विजेच्या गाड्यांना उच्चदाबाची जोडणी आणि मोठी जागा लागते, म्हणून नवं आगार बऱ्याचदा शहराच्या टोकाला होतं. गाडी आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत रिकामी जाते त्याला आम्ही डेड किलोमीटर म्हणतो. आधी तुमच्या वसाहतीपर्यंत 3 असतील, आता 11 झाले असतील. त्यात दुपारी चार्जिंगला गाडी परत आणावी लागते. मग शेड्यूल नव्यानं लावताना पहाटेची एखादी दूरची फेरी गळते. ती कोणी ‘बंद’ करत नाही. नव्या तक्त्यात ती नसते, एवढंच. दोन तज्ज्ञ आणि एक संगणक मिळून हे करतात आणि तिघांपैकी कोणालाच कँटीनची पाळी साडेसहाला सुरू होते हे माहीत नसतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : फेरीचा निर्णय महापौर घेत नाहीत, आयुक्तही घेत नाहीत. वाहतूक अधीक्षकाच्या टेबलावर तो होतो, परिवहन व्यवस्थापकाची सही असते, आणि कधी कधी फक्त आगार व्यवस्थापकाला तोंडी सांगितलं जातं. 1949 च्या कायद्यानुसार चालणाऱ्या उपक्रमात परिवहन समिती असते, तिच्यापुढे मार्गाचे बदल आणता येतात. पुणे किंवा नाशिकसारखी कंपनी केलेली असेल तर समिती नाही, संचालक मंडळ असतं, आणि नगरसेवकाचं तिथं तितकं चालत नाही. याचे फायदेही आहेत हो. आमच्या समितीतल्या एका सदस्यांच्या गल्लीतून जाणारी एक फेरी नऊ वर्षं रिकामी धावली, कोणाची बंद करायची छाती नव्हती. शिवाय 2022 पासून बरीच वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते. त्या काळात समित्याच नसल्यामुळे असे बदल कोणी न विचारता झाले. तुमची फेरी त्याच काळात गळली असेल तर आता सभागृहात तो विषय नव्यानं मांडायला चांगलं निमित्त आहे.

काही मध्यम शहरांत चौथाच प्रकार असतो. खासगी चालक महापालिकेला गाडीमागे रॉयल्टी देतो आणि तिकिटाचे सगळे पैसे स्वतः ठेवतो. तुमच्याकडे तसं असेल तर वरचं बहुतेक गणित सोडून द्या. तो मालक आहे, त्याला 38 रुपयांची फेरी परवडत नसेल तर तो चालवणार नाही. तिथं एकच प्रश्न : करारात कोणते मार्ग आणि किती फेऱ्या बंधनकारक आहेत? आणि त्या मोजतं कोण? माझ्या पाहण्यात तरी कोणी मोजत नव्हतं.

आता काय करायचं. मोर्चा, निवेदन, पालकमंत्र्यांना पत्र हे सगळं नंतर. आधी माहितीच्या अधिकारात अर्ज. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून पसरट लिहू नका. नाहीतर त्याच कारणावर परत येईल. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘फेरी का बंद केली’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा. त्या मार्गाची फेरी बंद होण्याआधीच्या तीन महिन्यांची फेरीनिहाय उत्पन्नाची विवरणं, त्याच काळातली रद्द फेऱ्यांची कारणांसह नोंदवही, आणि मार्गबदलाच्या आदेशाची किंवा टिपणीची प्रत. तिकीट यंत्रात प्रत्येक फेरीचा, प्रत्येक टप्प्याचा हिशोब असतो, ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर स्वीकारू नका. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. ठेकेदाराचा करार आणि हमी किलोमीटर हा वेगळा विषय, त्याला वेगळा अर्ज.

दरम्यान एक काम स्वतः करा. तुमच्या थांब्यावर सहा ते साडेसहा या वेळात आठवडाभर उभं राहून एमआयडीसीच्या दिशेला जाणाऱ्या रिक्षांतली माणसं मोजा. वहीत तारीख, वेळ, डोकी. तिकीट यंत्राला बसमध्ये चढलेला माणूस दिसतो, थांब्यावरून रिक्षात गेलेला दिसत नाही. आमच्याकडे एका वसाहतीतले लोक अशी वही घेऊन आले होते. त्यांच्या मोजणीत रोज 43 माणसं होती, आमच्या तक्त्यात त्याच फेरीला शेवटच्या महिन्यात 14. कारण ती फेरी महिनाभर दिवसाआड येत होती, लोकांनी वाट बघणं सोडलं होतं. ती वही मी फाइलला लावली आणि फेरी पुन्हा सुरू केली. पुढे जवळच्या तीन कारखान्यांनी कामगारांसाठी मासिक पास एकत्र घेतले. आगाऊ पैसे आल्यामुळे लेखा विभागही खूश झाला, आणि त्या फेरीकडे लाल शाई घेऊन पुन्हा कोणी गेलं नाही. तुमच्या आईंच्या कँटीनच्या ठेकेदाराला किंवा कारखान्याच्या एचआरला हे विचारून बघायला हरकत नाही. पाळीला माणूस वेळेवर यावा ही त्यांचीही गरज आहे.

अर्जाचा मसुदा वाहतूक अधीक्षकांच्या नावे करू नका, जन माहिती अधिकारी, परिवहन विभाग असा करा. आणि उत्तरात रद्द फेऱ्यांची नोंदवही आली की तिच्यातली कारणं मला कळवा. ‘वाहक नाही’ असं वारंवार दिसलं तर पुढचा अर्ज मनुष्यबळाच्या ठेक्याचा करावा लागेल, आणि ‘चार्जिंग’ दिसलं तर नव्या शेड्यूलचा. दोन्हींचे मसुदे वेगळे आहेत, ते तेव्हा सांगतो.